दोन मिनिटांची जाग

कर्ज विभागातल्या ताईंची हार्ड डिस्क गेली तो दिवस २१ ऑक्टोबर. मी बॅकअप उघडला, तर त्यांच्या मशिनचा शेवटचा बॅकअप २ ऑक्टोबरच्या रात्रीचा. मधल्या १९ दिवसांत स्कॅन केलेले कर्जदारांचे कागद, जामीनदारांचे फॉर्म, तारणाच्या नोंदी, सगळं पुन्हा करायचं. ताई रागावल्या नाहीत. "होईल गो, करूया," म्हणाल्या आणि कपाटातून फायली काढायला लागल्या. मला तिथे उभं राहवेना.

फोंड्यातली ही एक पतसंस्था. दोन मजले, पन्नास कॉम्प्युटर, आणि त्यांची देखभाल माझ्याकडे. रात्री एक वाजता सर्व्हर प्रत्येक मशिनला उठवतो, नव्या फायलींची प्रत काढतो, अपडेट घालतो. दिवसभराचं काम संपलं की अर्ध्या तासाने मशिनं स्लीपमध्ये जातात. रोजच्या अहवालात दहा-पंधरा मशिनं पुरी झालेली दिसत, बाकीच्यांपुढे 'ऑफलाइन'. माणसं घरी जाताना मशिन बंद करून जातात, असं आम्ही धरून चाललो होतो. कोणी तपासलं नव्हतं. मीही नाही, आणि ती चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सोपा उपाय पुढे आला: स्लीप काढूनच टाका, मशिनं रात्रभर चालू राहू देत. मी तिथल्याच एका मशिनला मीटर लावून पाहिलं. नुसतं रिकामं बसलेलं मशिन ४० वॅट खातं, झोपलेलं दोन. पन्नास मशिनं, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ असे चौदा तास, म्हणजे दर रात्री २८ युनिट, आणि त्यातलं खरं काम जेमतेम तासाभराचं. शिवाय मूळ दुखणं कळलेलंच नव्हतं. मी एक रात्र मागून घेतली.

रात्री मी आणि राखणीला असलेले काका, दोघंच. दिवाळी जवळ आलेली. बाहेर वाड्यावर पोरं नरकासुराचा पुतळा बांधत होती, त्यांचा ढोलताशा बाराच्या पुढेही चाललेला. मी दिवे मालवून पहिल्या मजल्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. बरोबर एक वाजता काळोखात एकेक हिरवा दिवा पेटत गेला, पंख्यांची घरघर सुरू झाली. त्या मजल्यावरची तीसच्या तीस मशिनं उठली. म्हणजे बंद कोणी करत नव्हतं! मी उभी राहिले. काकाही दारातून पाहत होते.

आणि मग, सांगितल्यासारखी, एकामागून एक ती पुन्हा झोपली. घड्याळात पाहिलं तर एक वाजून दोन मिनिटं झाली होती. पाच-सहा मशिनं तेवढी जागी होती. "परत निजली गो, बाय," काका हळूच म्हणाले.

मी ताईंच्या टेबलावरचं नवं मशिन उठवलं आणि इव्हेंट लॉग, म्हणजे मशिनची नोंदवही, उघडला. एक वाजता जाग आली ती नेटवर्क कार्डामुळे. झोपेचं कारण लिहिलं होतं: सिस्टिम आयडल, म्हणजे मशिन रिकामं बसलेलं. पण आयडलची मुदत तर आम्ही ३० मिनिटं ठेवली होती. इथे दोन मिनिटं कुठून आली?

विंडोजमध्ये झोपेची आणखी एक मुदत असते, ती नेहमीच्या पॉवर ऑप्शन्समध्ये दिसतच नाही: अनअटेंडेड स्लीप टाइमआउट. माणसाने कीबोर्डला हात लावून मशिन उठवलं तर तुमची ३० मिनिटं लागू. नेटवर्कने किंवा टायमरने उठवलं आणि समोर कोणी नसेल तर ही दुसरी मुदत लागू, आणि ती मुळात १२० सेकंदांची. यात चूक काही नाही. चुकून उठलेलं मशिन रात्रभर जळत राहू नये म्हणून ती आहे.

आता आमचा सर्व्हर काय करत होता? एक वाजता सगळ्यांना एकदम हाक मारायचा आणि मग यादीप्रमाणे पाच-पाच मशिनं घ्यायचा. ज्याच्यावरून फायली वाचणं चालू असे ते जागं राही, कारण फाइल शेअरिंगच स्लीपला अडवून धरतं. पॉवरसीएफजी या विंडोजच्या कमांडला रिक्वेस्ट्स विचारलं की ते दिसतं. रांगेतली बाकीची वाट पाहता पाहता दोन मिनिटांत झोपायची. ताईंचं मशिन यादीत सत्ताविसावं. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुटी, कोणाच्याच नव्या फायली नाहीत, म्हणून त्या रात्री रांग झरझर सरकली आणि त्यांचा नंबर लागला. त्यानंतर कधी लागलाच नाही.

त्याच रात्री ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशिनांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधून, ती मुदत ३० मिनिटं केली आणि सर्व्हरला शिकवलं की ज्या पाचांची पाळी, त्यांनाच उठवायचं.

वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी होती. तिथे एकही मशिन उठलं नव्हतं. उन्हाळ्यात नवा स्विच बसवताना तो मजला वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे राउटरपलीकडच्या वेगळ्या नेटवर्कात, गेला होता. जागं करणारं मॅजिक पॅकेट तसं साधं: सहा बाइट एफएफ आणि पाठोपाठ त्या मशिनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, १६ वेळा, एकूण १०२ बाइट. पण ते ब्रॉडकास्टने, म्हणजे नेटवर्कावरच्या सगळ्यांना एकदम, जातं, आणि राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे सोडत नाही. वर एक छोटं मशिन कायम चालू ठेवलं; सर्व्हर त्याला निरोप देतो, ते आपल्या मजल्याला हाक मारतं.

उरलं एक. ऑक्टोबरात संध्याकाळी विजा कडाडायला लागल्या की काका मेन स्विच पाडतात. पूर्वी एकदा विजेने मोडेम आणि दोन मशिनं जाळली, तेव्हापासूनचा त्यांचा नेम. मला काही जणांनी सांगितलं, काकांना तो नेम सोडायला सांगा. मी सांगितलं नाही. वीज पडून पन्नास मशिनं जाण्यापेक्षा एक बॅकअप हुकलेला बरा, हे काकांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण वीजच नसली तर नेटवर्क कार्डाला हाक ऐकू येत नाही, आणि वीज परत आली तरी काही कार्डं मशिन एकदा चालू झाल्याशिवाय ऐकायला लागत नाहीत. तेव्हा प्रत्येक मशिनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन 'वीज परतली की चालू हो' ही सेटिंग लावली. पन्नास मशिनं, दोन दुपारी गेल्या.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी असाच गडगडाट झाला. काकांनी स्विच पाडला, तास-दीड तासाने पाऊस ओसरल्यावर वर केला आणि मला फोन लावला. "बाय, सगळी पेटली हां. आता निजतील काय?"

"निजतील, काका. अर्ध्या तासाने."

सकाळी अहवाल उघडला. पन्नासपैकी पन्नास. मी सत्ताविसाव्या ओळीवर बोट ठेवून ताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, मान हलवली, आणि पुढची फाइल स्कॅनरवर ठेवली.