ल्यूट वाजवणारा आणि त्याची बायको

आज सुट्टीचा अख्खा दिवस इंग्लंडमधल्या डरहॅमच्या मठाच्या हिशोबांत गेला. बेनेडिक्टाईन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मोठा मठ, संत कथबर्टची समाधी तिथलीच. त्यांच्या लॅटिन खर्चाच्या गुंडाळ्यांमधले निवडक उतारे १८९८ ते १९०१ या काळात छापले गेले. त्यात मासे, मेण, कापड यांच्या मधेच फिरत्या कलावंतांना दिलेले पैसे दिसतात. नाताळात, कथबर्टच्या सणाला हमखास. लॅटिनमध्ये त्यांना ‘हिस्ट्रिओ’ म्हणायचे.

१४व्या शतकातल्या एका नोंदीपाशी मात्र मी थांबले ती थांबलेच. बेअरपार्क इथे, म्हणजे मठप्रमुखाच्या गावाबाहेरच्या वाड्यावर, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारा एक पुरुष आणि गाणारी त्याची बायको: २ शिलिंग. म्हणजे २४ पेनी. बाकी ओळ लॅटिन, पण वाद्याचं नाव कारकुनाने बोलीतलंच ठेवलंय, ‘लॉयट’. कानावर पडलं तसं लिहिलं असणार! नावं दोघांचीही नाहीत. ती काय गायली, तेही नाही. साधूंच्या हिशोबात एका गाणाऱ्या बाईला जागा मिळाली, याचंच मला फार अप्रूप वाटलं. संध्याकाळपासून तिचा आवाज कसा असेल, हेच मनात घोळतंय.