सेन्सर वाऱ्यावर सोडला

पुण्यातल्या वारज्यात आमच्या गच्चीवर तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा एक छोटा नोड, म्हणजे रेडिओ जोडलेला सेन्सर, आहे. 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात तो लोरावरून, म्हणजे कमी विजेत लांब पोहोचणाऱ्या रेडिओवरून, आकडे घरात पाठवतो. आधी तो सोलरवर चालायचा. पण पावसाळ्यात आठवडा-आठवडा ऊन नसतं आणि आकडे हवे असतात नेमके तेव्हाच हा मान टाकायचा. त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा दोरीवरचे कपडे उडवून नेतो. म्हटलं, हाच वापरू.

पीव्हीसी पाइप उभा चिरून 20 सेंमी उंच, 15 सेंमी रुंद सॅव्होनियस रोटर, म्हणजे उभ्या दांड्याभोवती फिरणारी अर्धगोल पात्यांची पवनचक्की, केला. वारा कुठूनही आला तरी हा फिरतो. ताशी 11 किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या क्षेत्रफळातून जेमतेम 0.45 वॅट जातात. वेग निम्मा झाला की आठवा हिस्सा. बेट्झ या शास्त्रज्ञाच्या हिशोबाने आदर्श रोटरही त्यातले 59.3 टक्केच घेऊ शकतो. घरगुती कारागिरीत पाच टक्के हाती आले तरी खूप. म्हणजे वीसेक मिलिवॅट. पण नोड बहुतेक वेळ झोपलेला, त्याला सरासरी अर्धा मिलिवॅट पुरतो. तेही नुसतं रेडिओ-चिपचं सुटं मॉड्यूल वापरलं तर. तयार बोर्डावरचा दिवा आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटरच सेन्सरपेक्षा जास्त खातात.

खरी झुंज होती ती रोटर हलवण्याची. वीज तयार करायला तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक बाजारातून आणलेल्या मोटरचा दांडा हाताने फिरवला की टकटक अडखळायचा, कारण आतलं चुंबक लोखंडी गाभ्याला धरून बसतं. झुळकीला ते सुटत नाही. शेवटी चकतीवर चुंबकं चिकटवली आणि समोर लोखंडाशिवाय नुसत्या तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस पेट्रोलने धुऊन काढलं. आता साधी झुळूकही पुरते, मात्र व्होल्टेज इतकं कमी की वीज एकाच दिशेने जाऊ देणारा साधा डायोड 0.7 व्होल्ट गिळून बसतो. म्हणून कमी व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड, आणि त्यापुढे काहीशे मिलिव्होल्टवर जागा होऊन व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर.

कठड्यामागे वारा नुसता घुटमळतो, त्यामुळे रोटर टाकीच्याही वर पाइपवर चढवावा लागला. सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण बजावलं, "पतंग अडकला तर तुम्हीच काढायचा हं!"

वीज साठवायला बॅटरीऐवजी 10 फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर एकामागोमाग एक जोडलेत. 5 व्होल्टवरून 3 पर्यंत उतरताना 40 ज्यूल मिळतात, कागदावर 22 तास. गळती धरली तर त्याहून कमी.

ऑक्टोबरात वारा पडतो, म्हणून जुनं पॅनेलही त्याच साठ्याला डायोडमधून जोडून टाकलं. व्होल्टेज उतरलं की नोड पंधरा मिनिटांऐवजी तासाने आकडे पाठवतो. तशी अट प्रोग्रॅममध्येच घातली आहे.