पावसाळ्यात इंकजेटला कोणता कागद घालायचा?

जून ते सप्टेंबर गोव्यात हवाच इतकी दमट असते की उघडं ठेवलेलं रीम दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. कडा लाटेसारख्या उचलतात, रोलर एकदम दोन पानं ओढतो आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरवर येतो. ट्रेमध्ये कागद भरून ठेवू नका. लागतील तेवढीच पानं काढा. बाकीचं रीम वेष्टनासकट, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात आडवं ठेवा.

चवथीच्या आरत्या दोन्ही बाजूंनी छापायच्या असतील तर ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स कागद नको. इंकजेटची शाई पाण्याची. ती तंतूंतून पसरते आणि मागच्या बाजूला उमटते. ९० ते १०० जीएसएम घ्या, पैसे थोडे जास्त पडले तरी अक्षर नीट वाचता येतं.

फोटोचा कागद घेताना जाडीपेक्षा लेप बघा. पाकिटावर ‘इंकजेट’ लिहिलेलं हवंच. लेझरसाठीचा ग्लॉसी कागद शाई शोषत नाही, तिचे थेंब वरच तरंगतात आणि बोट लागलं की फासतात. लेप कुठल्या बाजूला आहे कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला टेकवा. किंचित चिकटते ती छापायची बाजू.

सगळ्यात जास्त कागद वाया जातो तो सेटिंगमुळे. बऱ्याच इंक टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आणि रंगीत शाई डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असते. पिगमेंटचे कण ग्लॉसी लेपात मुरत नाहीत, वरच बसतात. कॉम्प्युटरवर ‘फोटो पेपर’ निवडला की असा प्रिंटर ती काळी शाई वापरत नाही आणि रंग मिसळून काळा तयार करतो. ‘प्लेन पेपर’ तसंच राहिलं, तर फोटोतले केस पुसले की हाताला लागतात. कागद बदलला की सेटिंगही बदला, दर वेळी.

२०० जीएसएमच्या वरचा कागद शक्यतो मागच्या फीडमधून घाला. समोरच्या ट्रेतून तो आत पूर्ण वळसा घेतो, अडकतो किंवा रोलरचे वळ उठतात.

छापलेले फोटो एकावर एक रचू नका. पावसात २४ तास सुटे वाळू द्या, मगच फ्रेमच्या काचेआड घाला. ओल राहिली तर लेप काचेला चिकटतो आणि फोटो सोडवताना फाटतो.