उष्णतेची वही

वेंगुर्ले, १६ मे

पहाटेचे पावणेतीन वाजले आहेत. पंखा पाचावर फिरतो आहे, बंदराकडून वारा येतो आहे, आणि तरीही छातीतून उठलेली धग मानेवरून कानशिलांपर्यंत चढली, केस मुळाशी ओले झाले, गाऊन पाठीला चिकटला आणि मग तितक्याच अचानक अंगावर काटा आला. उठून दिवा लावला आणि वहीत नोंद केली : दोन पंचेचाळीस, तीव्र, सुमारे चार मिनिटे, नंतर थंडी. रात्रीच्या जेवणात बांगड्याचे तिखले होते, तेही लिहिले.

ही वही मार्चपासून चालू आहे. सावंतवाडीच्या ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे मी अखेर गेले, त्यांनी सगळे ऐकून घेतले, काही तपासण्या सांगितल्या आणि एक शंभर पानी वही घालायला लावली. पाळीची तारीख, धग आल्याची वेळ, झोप, खाणे, मनःस्थिती, जे आठवेल ते त्यात लिहायचे. त्याआधी एका ठिकाणी मला ‘वय झाले की व्हायचेच’ एवढे ऐकवून ताकदीच्या गोळ्या देण्यात आल्या होत्या. पाळी महिन्यात दोनदा येत होती, अंगावरून रक्ताच्या गुठळ्या जात होत्या, शाळेचा जिना चढताना धाप लागत होती आणि हिमोग्लोबिन ८.४ वर आले होते, पण ते कोणी पाहिलेच नव्हते. पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षे बीज दर महिन्याला सुटेलच असे नसते. ते सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग एकदम खूप रक्तस्राव होतो. इतकी साधी गोष्ट मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समजली, आणि मी पंचवीस वर्षे मुलींना शिकवते आहे.

मात्र दोष सगळा डॉक्टरांना देण्यात अर्थ नाही. आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच नाव आहे : उष्णता. तोंड आले, उष्णता. लघवीला जळजळले, उष्णता. डोके चढले, उष्णता. त्यामुळे दोन वर्षे मी सब्जा भिजवून प्याले, धण्याजिऱ्याचे पाणी प्याले, कोकमाच्या सरबताच्या बाटल्या संपवल्या, टाळूवर माक्याचे तेल थापले. कोकणात हा त्रास लपायला जागाही भरपूर आहे, कारण मे महिन्यात येथे सगळेच घामाघूम असतात आणि कोणाचा घाम कशाचा हे कळायला मार्ग नसतो. मला शंका आली ती जानेवारीत. आंबा मोहोरण्याच्या त्या थोड्या थंडीत घरातली सगळी माणसे गोधडीत गुरफटलेली असताना मी एकटी पंखा लावून बसले होते, तेव्हा ही हवेची गोष्ट नाही हे ध्यानात आले.

शेवटची पाळी २७ ऑगस्टला आली होती. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात, म्हणजे तो क्षण नेहमी मागे वळूनच ओळखता येतो. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या सुमारास. मी एकोणपन्नासची आहे. आठ महिने उलटून गेले आहेत.

३ जून

मासेमारी १ तारखेपासून बंद झाली, त्यामुळे बाजारात आता सुक्या मासळीचेच राज्य आहे. आज सुक्या जवळ्याची चटणी करताना आई (माझ्या सासूबाई, वय ७८) ओट्याशी येऊन बसल्या आणि मी पुन्हा पदराने वारा घेताना पाहून म्हणाल्या, “माका पण असाच व्हायचा गो. पण सांगतलंय कोणाक?”

सव्वीस वर्षे आम्ही दोघी एका चुलीवर आहोत आणि हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. त्यांचे त्या वेळचे जे वागणे मला आठवते ते म्हणजे चिडचीड, मधरात्री विहिरीवर जाऊन हातपाय धुणे, आणि एकदा तर भरल्या घरात ताट सरकवून उठून जाणे. मी नवी सून होते. मी ते सगळे माझ्याच अंगावर ओढून घेतले होते. त्या वर्षांत त्या बावन्न-त्रेपन्नच्या असतील. आमच्यातले अर्धे रुसवे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या खात्यावर मांडता येतील की काय, असा विचार आज माझ्या मनात आला. अर्धेच, सगळे नव्हेत, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

त्यांना मी डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलेले सांगितले. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशात दहा-वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि पाळी जाण्याच्या सुमारास ती हजाराच्या घरात येतात. साठा आटला की इस्ट्रोजेन आधी खालीवर होते आणि मग खाली जाते. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचे तापमान सांभाळतो. तेथल्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या बिथरतात, आणि एरवी लक्षातही न येणाऱ्या किंचित उष्म्यालाच संकट समजून शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करते आणि घाम सोडते. ताप नसताना ताप उतरवण्याची सगळी तयारी होते. आईंनी ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे उष्णताच ना?” मी हो म्हटले. शब्द तोच असला तरी तिचे ठिकाण पोटात नसून डोक्यात आहे, एवढे त्यांना पटले असावे.

वहीचा उपयोग येथे झाला. मार्चमध्ये दिवसाला दहा-अकरा वेळा धग येत होती, आता पाच-सहा वेळा येते. संध्याकाळी पाचनंतरचा चहा आणि रात्रीचे तिखट यांच्यानंतर ती हमखास येते, हे माझ्या अंदाजाने नव्हे तर तारीखवार दिसते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही, म्हणून मी उशाशी ओला पंचा ठेवते, मानेवर फिरवते आणि पंख्याखाली बसते. सुती कपड्यांखेरीज काही घालत नाही. यांतल्या कशाने किती फरक पडला आणि किती आपोआप ओसरले, हे वही सांगू शकत नाही. धगीचा त्रास सरासरी सात वर्षे राहू शकतो असे डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा माझा चेहरा उतरला होता.

संप्रेरकांच्या उपचाराबद्दलही त्या मोकळेपणाने बोलल्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा एक भाग स्तनांच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका दिसल्याने मध्येच थांबवला गेला, आणि जगभर बायकांनी व डॉक्टरांनी ही औषधे टाकून दिली. त्या अभ्यासातल्या बहुतेक स्त्रिया साठीच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या होत्या. पुढच्या विश्लेषणांतून असे दिसले, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना, त्रास तीव्र असेल तर, फायदा बहुधा धोक्याहून जास्त असतो. गर्भाशय असेल तर एकटे इस्ट्रोजेन देत नाहीत, कारण त्याने अस्तर वाढून कर्करोगाचा धोका येतो. सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. ज्यांना स्तनांचा कर्करोग झाला आहे, रक्तात गुठळ्या होण्याचा विकार आहे, यकृताचा आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, त्यांना ते देत नाहीत. मी तूर्त थांबले आहे. माझ्या मावशीने कर्करोगात स्तन गमावला, आणि ती आठवण आकडेवारीने लगेच पुसली जात नाही. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी औषधेही आहेत, हे कळल्याने दिलासा मिळाला.

एक गोष्ट आईंना सांगितली नाही, ती येथे लिहिते. योनीचा कोरडेपणा, त्याने होणारी वेदना आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्ग हाही याच बदलाचा भाग आहे; धग कालांतराने कमी होते, हा त्रास मात्र उपचाराशिवाय वाढत जातो. त्यावर वंगण आणि अगदी कमी मात्रेचे, त्याच जागी लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते. मी टाळते आहे असे ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटत होते. शब्द सापडला तेव्हा गैरसमज पाच मिनिटांत मिटला. शब्द सापडायलाच दोन वर्षे लागली.

१९ जून

शाळा सुरू झाली. नववीत समास शिकवताना ‘बहुव्रीही’ हा शब्द आठवेना. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने तो हळूच उच्चारला. बुद्धी भ्रष्ट होत चालली या भीतीने मधली सुट्टी गेली. झोप मोडते आणि संप्रेरके हेलकावतात, त्यामुळे असे होते आणि बहुतेकींच्या बाबतीत ते निवळते, हे ठाऊक असूनही भीती वाटलीच. थायरॉइडची तपासणी झाली आहे, ती ठीक आहे. हिमोग्लोबिन ११.२.

नाचणीची भाकरी पुन्हा रोज सुरू केली आहे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, आणि या वयात रोज बाराशे मिलिग्रॅमची गरज सांगितली आहे. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे सर्वांत वेगाने विरळ होतात. चालणे आहेच, पण हाडांना वजन उचलण्याचा व्यायामही लागतो, म्हणून पाण्याची कळशी पुन्हा हाती घेतली. सुक्या मासळीत कॅल्शियम असले तरी मीठही तितकेच असते आणि माझा रक्तदाब काठावर आहे, त्यामुळे तिचा हट्ट सोडला.

३० जुलै

आज पाळी आली. अकरा महिने आणि तीन दिवसांनी.

मी हसले, मग थोडी रडले, मग डॉक्टरबाईंना फोन केला. बारा महिन्यांच्या आत असे होऊ शकते, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू, असे त्या म्हणाल्या. पण इतक्या खंडानंतर आली आहे तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहू, आणि वर्ष पूर्ण झाल्यानंतर थेंबभर जरी दिसले तरी एक दिवसही न थांबता यायचे, हेही त्यांनी बजावले. दिवस जाण्याची शक्यताही अजून संपलेली नाही, असे त्या पुढे म्हणाल्या, तेव्हा मात्र मला एकोणपन्नासाव्या वर्षी शिक्षकखोलीचे दार लोटून घ्यावे लागले.

घरी येताना दुसरीच गणिते डोक्यात चालू होती. चतुर्थी जवळ आली आहे. गेली कित्येक वर्षे मी गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून घेत आले, आमच्या आळीतल्या बहुतेक बायका घेतात. त्यांतही संप्रेरकच असते, आणि माझे वय व रक्तदाब पाहता त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत अशी सक्त ताकीद मला मिळाली आहे. आता पाळी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मी आईंना आधीच सांगून टाकले, की यंदा गोळ्या घेणार नाही, आणि नेमकी त्याच दिवशी आली तर मोदकांचे काय करायचे ते तुम्ही ठरवा.

त्या नारळ खोवत होत्या. विळीवरची नजर न काढता म्हणाल्या, “गणपतीक काय तुझी वही वाचूक येता?”