खिशाच्या मधोमध

दुपारी अडीचला बेल वाजली. दारात आमच्या बिल्डिंगचा गार्ड, अंगात बनियन, हातात शर्ट. "आंटी, सुई-धागा मिलेगा?" एजन्सी बदलली म्हणे. कालपर्यंत तो एका कंपनीचा माणूस होता, आजपासून दुसरीचा. गेट तेच, प्लास्टिकची खुर्ची तीच, पगारही बहुतेक तोच. बदलायचा होता तो खिशावरचा बिल्ला.

सुई-धागा देऊन टाकावा आणि पुन्हा आडवं व्हावं, हे कुठल्याही शहाण्या बाईनं केलं असतं. माझ्याच्यानं ते होत नाही. बिल्ला लावायचा म्हटलं की मी सुई दुसऱ्याच्या हातात देत नाही. लोक चार टाके चार कोपऱ्यांना मारतात आणि मोकळे होतात. मग बिल्ल्याच्या मधल्या कडा पापडासारख्या फुगून राहतात. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या बँडवाल्याच्या छातीवर, कुठेही तिरपा बिल्ला दिसला की माझी मान आपोआप त्या बाजूला कलते. समोरच्याला वाटतं, बाईंना उसण भरली आहे.

"लाओ, इधर दो," म्हटलं आणि ब्लेडनं जुने टाके उसवायला बसले.

बिल्ला निघाला आणि त्याच्याखाली शर्टाचा खरा रंग निघाला. गडद, कोरा निळा चौकोन. आजूबाजूचा शर्ट उन्हानं आणि धुण्यानं कधीच राखाडी झालेला. दोन वर्षांचं ऊन त्या चौकोनाला शिवलंच नव्हतं. मी त्यावर बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. गार्डला वाटलं असेल, आंटींना दिसत नाहीये.

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरात बिल्ले लावण्याचं खातं वयाच्या दहाव्या वर्षी माझ्याकडे आलं. नानाकाका एका हिंदी शाळेत मास्तर आणि त्याच शाळेचे स्काउटमास्तर. मास्तरकीचा पगार मिळायचा, स्काउटमास्तरकीचं काहीच नाही. काकूला शिवणाचा तिटकारा, आजीला सुईचं नाक दिसेना, म्हणून मी. शनिवारी दुपारी जेवणं झाली की नानाकाका ओसरीवर शर्ट पसरायचे, शाळेची लाकडी फूटपट्टी घ्यायचे आणि खिशाची रुंदी मोजून पेन्सिलीनं मधोमध ठिपका काढायचे. आधी कच्चा टाका. मग लांबून बघायचं. मग काठाच्या रंगाचाच दोरा घेऊन बारीक तुरपाई, टाका वरून दिसता कामा नये. हिरव्या कापडावर पिवळं चिन्ह, त्याच्या पोटात अशोकचक्र, असा तो सभासदत्वाचा बिल्ला. त्या चक्राचा मध्य आणि खिशाचा मध्य एकावर एक यायला हवा. सूतभर हलला तरी नानाकाका म्हणायचे, "बघ, ह्याला जरा बरं वाटत नाहीये."

एकदा मी फार मन लावून शिवलं. इतकं, की सुई खिशाच्या आतल्या कापडातूनही पार नेली. रविवारी सकाळी चिमणबागेच्या मैदानावर नानाकाकांनी शिट्टी ठेवायला खिशात हात घातला, तर खिसा बंद. दिवसभर शिट्टी मुठीत धरून त्यांनी रॅली पार पाडली. घरी आल्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "टाके फार सुंदर आहेत गं. उसवायला जीव होत नाही." तो खिसा आठवडाभर तसाच होता.

त्यांच्या सगळ्या चिन्हांत घरच्यांना सर्वांत कमी कळलेलं चिन्ह म्हणजे ते दोन लाकडी मणी. आधी स्काउटमास्तरांचा बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स, मग पिपरियाला उतरून बसनं वर पचमढीला एचडब्ल्यूबी. हिमालय वुड बॅज. हिमालय बॅज सातपुड्यात मिळतो, यात कुणालाच काही खटकत नसे. कोर्स करून आल्यावरही लगेच हाती येत नाही, आपल्या दलावर ते सगळं राबवून दाखवावं लागतं. मग एके दिवशी प्रमाणपत्र येतं, त्याला ते 'पार्चमेंट' म्हणत. सोबत गळ्यात बांधायचा खास स्कार्फ, तो अडकवायचं कातड्याच्या विणीचं कडं, म्हणजे वॉगल, आणि चामड्याच्या वादीत ओवलेले दोन मणी. ते गळ्यात घालून नानाकाका पहिल्यांदा घरी आले तेव्हा आजीनं विचारलं, "कुठल्या बाबांकडे गेला होतास?"

मग ओसरीवर मण्यांची कथा झाली. स्काउट चळवळ सुरू करणारे बेडन पॉवेलसाहेब १८८८ साली आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये होते, तिथल्या दिनुझुलू राजाची लांबच लांब लाकडी मण्यांची माळ त्यांच्या हाती आली. (कशी आली, हा प्रश्न मी विचारला होता. नानाकाकांनी उत्तराऐवजी चहा मागवला.) सप्टेंबर १९१९मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कात स्काउटमास्तरांचा पहिला कोर्स झाला, त्यांना द्यायला साहेबांनी ती माळ तोडली. पुढे मणी पुरेनात, तेव्हा तसलेच घडवायला लागले. साध्या वुड बॅजवाल्याला दोन, पुढे शिकवणारा झालात तर तीन, मग चार. साहेबांच्या स्वतःच्या गळ्यात सहा. आणि गिलवेलच्या स्कार्फवर पाठीमागे चौकटीच्या कापडाचा एक तुकडा लावलेला असतो, तो मॅक्लॅरन नावाच्या स्कॉटिश माणसाच्या कुळाचा. गिलवेलची जागा घ्यायला पैसे त्यानं दिले होते. आपल्याकडे अशा माणसाच्या नावाची संगमरवरी पाटी लागते, धर्मशाळेच्या प्रत्येक पायरीवर एकेक. त्यांनी ठिगळ लावलं. मला हे फार आवडलं होतं. आजीला नाही. शिवाय ही माणसं डाव्या हातानं हात मिळवतात, हे तिनं एकदा अंगणात डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे या पंथाबद्दल तिचं मत कायमचं ठरलेलं होतं.

मोठ्या माणसांनी बिल्ले लावून मिरवणं हसण्यासारखं आहे, असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा. त्याच भावाचा मुलगा आता न्यू जर्सीत असतो आणि त्याच्या मुलाच्या डेनचा, म्हणजे छोट्या स्काउटांच्या तुकडीचा, लीडर आहे. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्म घालूनच बसला होता. डाव्या खिशाच्या वर एक छोटीशी भरतकामाची पट्टी. "आत्या, हा नॉट मिळाला मला." तिकडे मोठ्यांना मिळालेली पदकं रोज लटकवत नाहीत, त्यांच्या जागी अशी कापडी पट्टी शिवतात. प्रत्येकीवर दोन दोऱ्यांची एक गाठ. गाठ बहुतेक सगळ्यांची एकच, दोऱ्यांचे रंग बदलले की पुरस्कार बदलतो. काही जणांच्या खिशावर या गाठींच्या रांगाच्या रांगा चढत जातात.

"कॅमेरा जवळ आण," मी म्हटलं. नीट बघितलं. रीफ नॉट. आपली डॉक्टरी गाठ! नानाकाकांनी परकराच्या नाडीवर शिकवलेली. डावं उजव्यावरून, उजवं डाव्यावरून. चुकून दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली की गाठ दिसते तशीच, पण ओढली की घसरते. मी गाइडमध्ये दोन वर्षं काढली, द्वितीय सोपानपर्यंत कशीबशी पोचले, बाकी सगळं विसरले. पिशवीचे बंद मात्र अजून तसेच बांधते. आणि इथे ती गाठ साता समुद्रापार माझ्या भाच्याच्या छातीवर बक्षीस म्हणून बसलेली. शिलाई मशीनची होती. सरळ होती, हे कबूल करायला हवं.

मग त्यानं प्राण्यांची यादी सांगितली. अमेरिकेत मोठ्या सेवेबद्दल सिल्व्हर बीव्हर, त्याच्या वर अँटिलोप, त्याच्या वर बफेलो. विलायतेत लांडगा. जागतिक संघटनेचा ब्राँझचा लांडगा, पहिला १९३५ साली खुद्द बेडन पॉवेलना. आणि आपल्याकडे सगळ्यांत वर चांदीचा हत्ती, सिल्व्हर एलिफंट. नवलख्याच्या प्राणिसंग्रहालयात एवढी विविधता असेल की नाही शंका आहे. पण हसायचं कुणी? आमचं अख्खं इंदूर २०१७पासून स्वच्छतेचा पहिला नंबर छातीवर लावून फिरतंय. भिंतीभिंतींवर रंगवलाय, कचऱ्याच्या गाडीवर त्याचं गाणं वाजतं. शहराला शोभतं तर मास्तराला का नाही शोभणार?

नानाकाकांच्या गळ्यात दोनच मणी राहिले आणि हत्तीच्या आसपासही ते कधी पोचले नाहीत. कारण साधं होतं. असल्या सन्मानासाठी कुणीतरी दुसऱ्यानं शिफारस लिहावी लागते, मग ती जिल्ह्यातून राज्याकडे, तिथून दिल्लीकडे सरकते. आणि आमच्या भागात ती लिहिणारे नानाकाकाच. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. डिसेंबर-जानेवारीत लोक सायकली लावून ओसरीवर येऊन बसायचे. "मास्साब, जरा मेरा भी..." नानाकाका विचारून विचारून माहिती काढायचे आणि सुंदर हिंदीत उतरवायचे. एकदा ज्याच्याशी त्यांचं मुळीच पटत नव्हतं अशाही माणसाची शिफारस लिहिताना मी बघितलं. "त्याला धड एक गाठ येत नाही म्हणता ना तुम्ही?" तर म्हणाले, "नाही येत. पण दोनशे पोरांचा किराणा सियागंजातून त्याच्याइतका स्वस्तात कुणी आणत नाही. तेलाचा डबा स्वतः सायकलवर आणतो. गाठी काय, पोरं बांधतात." आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'शिविर-व्यवस्था में विशेष योगदान'. त्या चार शब्दांत तेलाचा डबा होता, हे दिल्लीत कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

१९९२च्या सिंहस्थात ते पोरांना घेऊन उज्जैनला होते. रामघाटावर पोरं दोरी धरून उभी आणि नानाकाका खोया-पाया केंद्राजवळ. राजस्थानकडची एक म्हातारी हरवलेली, तळव्याला काच लागलेली. नानाकाकांनी गळ्यातला स्कार्फ सोडून तिच्या पायाला बांधला. अर्थातच डॉक्टरी गाठ. पण संध्याकाळपर्यंत तिनं त्या स्कार्फचं सुटं टोक आपल्याच मुठीत धरून ठेवलं. तिचा मुलगा सापडला तेव्हा ती त्याला म्हणाली म्हणे, या रुमालवाल्याला काहीतरी दे. मुलानं सव्वा रुपया पुढे केला. नानाकाकांनी नमस्कार करून तो घेतला, आणि पुढे ज्याला त्याला सांगत राहिले की आपल्याला आजवर मिळालेला एकमेव रोख पुरस्कार तो.

स्कार्फवरचा डाग निघाला नाही. मीठ, लिंबू, रिठे, सगळं करून झालं. पुढच्या रॅलीत कुण्या वरिष्ठांनी त्यावर बोट ठेवलं, वुड बॅजचा स्कार्फ आणि असा मळका? तेव्हापासून नानाकाका घडी उलटी घालायला लागले. डाग आत.

त्याच्या पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः स्काउटमास्तर, माझ्या बँकेत आला. काउंटरच्या जाळीतून म्हणाला, "दीदी, सर का नाम भेजना है इस बार. सर खुद तो कुछ बताएँगे नहीं. आप दो पन्ने लिख दो. कितने साल, कितने कैंप, सिंहस्थ का भी. बाकी मैं कर लूँगा." मी म्हटलं, जरूर. किती वर्षं, किती शिबिरं, मला सगळं पाठ होतं. प्रत्येक शिबिराचा बिल्ला मीच तर लावला होता. घरी जाऊन बसले असते तर तासाभराचं काम.

मार्च एंडिंग होतं. मग माझी महूला बदली झाली. मग त्यानं एकदा फोन केला, मी म्हटलं, या आठवड्यात नक्की. मग तारीख गेली. पुढच्या वर्षी त्याचीच बदली झाली. नानाकाकांना यातलं काही कळलं नाही, किंवा कळलं असेल तर त्यांनी कळू दिलं नाही. ते गेल्यावर काकूनं बिल्ले उसवून एका डबीत भरले, मणी देवघरात ठेवले. अजून तिथेच आहेत, बाळकृष्णाच्या शेजारी. सणासुदीला त्यांनाही हळदकुंकू लागतं.

"आंटी, हो गया?"

झालं होतं. कच्चा टाका, मग तुरपाई, खिशात बोट घालून बघितलं, खिसा उघडा. शर्ट लांब धरला. बिल्ला अगदी मधोमध, सरळ. पण नव्या कंपनीचा बिल्ला जुन्यापेक्षा लहान निघाला. त्याच्या चारी बाजूंनी बोटभर गडद निळं दिसतच होतं.

"ये दिखेगा," मी म्हटलं.

त्यानं शर्ट अंगात चढवला, छातीकडे एकदा बघितलं. "चलेगा आंटी. धूप में बराबर हो जाएगा." आणि गेटकडे गेला.