तिसऱ्या पानावरचा बर्फ

दुपारी जेवण झाल्यावर आडवं पडून वाचण्याच्या माझ्या काही गोष्टी आहेत. त्यातला एक प्रकार वाचतो हे मी सहसा कुणाला सांगत नाही. एकेकाळचे प्रेमिक नाताळच्या सुट्टीत पुन्हा भेटतात, त्या कथा. परवाही तेच चाललं होतं. ती बऱ्याच वर्षांनी शहरातून आईवडिलांच्या घरी आलेली. तो गावातच राहिलेला, हातात करवत, कारण नाताळचं झाड तोडून आणायचं काम या कथांमध्ये त्याच्याकडेच असतं. तिसऱ्या पानावर बर्फ पडायला लागला. म्हटलं, आता पाचव्यावर रस्ता बंद. चौथ्यावरच झाला.

या कथांचं बर्फावाचून अडतं, त्याला कारण आहे. दोन समंजस माणसं अवघडली की एरवी काय करतात? ‘बरं, निघतो’ म्हणतात. ते एक वाक्य कुणी उच्चारलं की कथा जागीच संपली. म्हणून मग गाडी सुरू होत नाही, विमान रद्द होतं, वीज जाते. प्रत्यक्षातल्या हवामानाला मात्र कथालेखकांची एवढी कणव नाही. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या लेखी २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत बर्फाची एक भुरभुर, अगदी एक कण जरी पडताना दिसला, तरी तो शुभ्र नाताळ. एका कणाने कुणाचा रस्ता अडणार? ऑस्ट्रेलियात तर नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तिथल्या जुन्या प्रेमिकांनी काय करायचं, समुद्रावर भेटायचं आणि घाम पुसत माफी मागायची?

अंधार मात्र खरा असतो. त्या दिवसांत लंडनला सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. चारपासून पुढची एवढी लांबलचक रात्र समोर असली की कुणालाही कुणीतरी आठवेलच. वर दारात मिसलटो टांगलेलं. झाडांच्या जिवावर वाढणारं हे बांडगूळ, पण त्याच्याखाली सापडलेल्या मुलीचं चुंबन घ्यायची मुभा. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८२० मध्ये इंग्लंडमधल्या नाताळाविषयी लिहिताना त्यातला एक बारकावा टिपला आहे: दर चुंबनामागे एक फळ खुडायचं, आणि फळं संपली की सवलतही संपली. रेशनिंगच म्हणायचं. हल्लीच्या कथांमधल्या मिसलटोची फळं कुणी मोजत नाही, त्यामुळे सगळी घाई गेली.

अशा गोष्टी वाचायची खोड मला मावशीमुळे लागली. सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलं की दुपारी ती पलंगावर वाचनालयाचं पुस्तक घेऊन पडलेली असायची, आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मधूनच पेन्सिल काढून समासात एक बारीक फुली मारायची. एकदा विचारलं तर म्हणाली, “अरे, इथे ही एक वाक्य बोलली असती ना, तर पुस्तक चाळीस पानांत आटपलं असतं.”

“मग पुढे कशाला वाचतेस?”

“तीनशे पानांचं आणलंय ना!”

वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे तिला माहीत होतं. पण ती पेन्सिलीने लिहायची, आणि पेन्सिल म्हणजे लिहिणं नव्हे, असं तिचं शास्त्र होतं. एक पुस्तक तिने पुन्हा एकदा आणलं, तेव्हा तिच्या जुन्या फुलीखाली कुणीतरी निळ्या शाईत लिहिलेलं निघालं: ‘नाही. तिला बोलता आलं नसतं.’ मावशी उठून बसली. काकांना दाखवलं, मला दाखवलं, अक्षर बाईचं की पुरुषाचं यावर बराच खल झाला. शेवटी तिने त्याखाली पेन्सिलीने ‘का?’ एवढंच लिहिलं आणि पुस्तक परत केलं. पुढे ते कधी आमच्या हाती आलं नाही. वाचनालयातल्या प्रत्येक माणसाकडे मात्र मी त्या सुट्टीभर संशयाने बघत होतो.

तेव्हापासून मीही मनातल्या मनात फुल्या मारतो. पुन्हा भेटणाऱ्यांच्या कथेत फुली हमखास असते, कारण त्यांचं पहिल्यांदा तुटलेलं असतं ते गैरसमजाने. पत्र पोचलेलं नसतं, निरोप भलत्यानेच घेतलेला असतो. खरं भांडण कधीच नसतं. लेखकाची त्यात सोयही असते. दहा पानांत दोन अनोळखी माणसांना प्रेमात पाडायचं तर ओळख करून देण्यातच सहा पानं जातात. जुन्या प्रेमिकांची ओळख झालेलीच आहे, फक्त रस्ता तेवढा बंद करायचा.

जेन ऑस्टिनला घाई नव्हती. १८१७ च्या डिसेंबरात, तिच्या मृत्यूनंतर, आलेल्या ‘पर्स्वेजन’मध्ये अ‍ॅन आणि कॅप्टन वेंटवर्थ आठ वर्षांनी भेटतात. कादंबरीत नाताळही आहे, पण तो परिच्छेदाभरात उरकतो: घरात पोरांचा कल्ला, चुलाण्यात धडधडणारी आग, आणि वेंटवर्थ भलत्याच गावी. अ‍ॅनसोबत आलेल्या लेडी रसेल तर यापुढे नाताळच्या सुट्टीत या घरी यायचं नाही असं ठरवूनच निघतात. दोघांचं जमतं ते नंतर, बाथ शहरात. बर्फाऐवजी तिथे पाऊस आहे. तो नवी कोरी छत्री तिच्यापुढे करतो आणि ती नको म्हणते, कारण दुसरा एकजण तिला न्यायला येणार असतो. त्या छत्रीवरून मी बर्फाचे शंभर डोंगर ओवाळून टाकीन.

आणि ज्याने नाताळच्या गोष्टींची एवढी चटक लावली, त्या डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्येही जुनी प्रेयसी आहे. पुस्तक १९ डिसेंबर १८४३ ला आलं आणि नाताळच्या आत सहा हजार प्रती संपल्या. त्या प्रेयसीचं नाव बेल. गेलेल्या नाताळांचं भूत म्हाताऱ्या कंजूष स्क्रूजला त्याचेच जुने दिवस दाखवतं, त्यात ती तरुण स्क्रूजला सांगते की तुझ्या मनात माझी जागा आता पैशाने घेतली आहे, मी तुला मोकळं करते. मावशीने इथे फुली मारली नसती. दोघं बोलतात, सगळं स्पष्ट बोलतात, आणि बोलूनच तुटतं. पुढच्या दृश्यात बेल संसारात रमलेली. नवरा खेळण्यांनी लादलेला हमाल घेऊन घरी येतो, मुलं त्या हमालाच्या अंगावर उड्या मारतात. मग नवरा म्हणतो, तुझा एक जुना ओळखीचा आज दिसला, ओळख पाहू कोण. ती हसत हसत स्क्रूजचं नाव घेते. तो एकटाच बसला होता, नवरा सांगतो. स्क्रूजला हे बघवत नाही, तो भुताला म्हणतो, मला इथून ने.

सकाळी उठतो तो बदललेला स्क्रूज. कारकुनाच्या घरी टर्की पाठवतो, भाच्याच्या दारात जाऊन जेवायला येऊ का म्हणून विचारतो. बेलकडे जात नाही. मला ते बरेच दिवस खटकत होतं. भरलेलं घर होतं, नवरा भला माणूस होता, एक खुर्ची जास्त मांडावी लागली असती एवढंच. पण तिला तो यायला हवा होता का, हे त्या गोष्टीत कुणी तिला विचारलेलंच नाही. तो सुधारला हे तिच्या कानावर गेलं की नाही, तेही नाही.