चोरांनी मागे ठेवलेल्या टोपल्या

रविवार, रात्र

प्राचीन इजिप्तचा राजा तूतनखामून याच्या थडग्यातल्या वस्तूंची यादी वाचत बसले होते. मुखवटा, रथ, पलंग हे सगळं ठाऊकच होतं, आज अडकले ती टोपल्यांपाशी. शंभरावर टोपल्या! १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर या पुरातत्त्वज्ञाला सापडलेल्या त्या चार खोल्यांत राजाच्या शिदोरीची चांगलीच बेगमी होती: खजूर, मनुका, डूम ताडाची फळं, कलिंगडाच्या बिया, धने, मेथी. आणि बोरं. आपल्या बोरीच्याच कुळातलं काटेरी झाड ते. फेअरोच्या परलोकाच्या डब्यात बोरं निघाली, म्हणून उगाच बरं वाटलं.

राजाला पुरल्यावर थोड्याच काळात चोर आत शिरले होते. धातू नेला, महागडी सुगंधी तेलं नेली. टोपल्या उरल्या. घरोघरी असलेली वस्तू चोरून करायचं काय?

टोपली करायची ती अशी: गवताची जुडी घ्यायची, तिच्याभोवती ताडाची पात गुंडाळत वेटोळं करायचं आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला टाचत जायचं. म्हणजे हे विणण्यापेक्षा शिवणंच जास्त. इजिप्तमधल्याच फायूम भागातल्या नवाश्मयुगीन लोकांनी धान्याच्या खड्ड्यांना आतून असंच अस्तर लावलं होतं, पिरॅमिडच्याही दीडदोन हजार वर्षं आधी. इजिप्तच्या खेड्यांत ही रीत अजून चालते. त्यामुळे अभ्यासकांची पंचाईत. फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने मडक्यांचे आकार कसे बदलत गेले ते पाहून थडग्यांचा कालक्रम लावला. टोपल्यांवरून तो लागलाच नसता. मडक्याला फॅशन असते, टोपलीला ती फारशी नाही. पुराणवस्तूंच्या पुस्तकांत तिला कोपरा मिळतो तो बहुधा याचमुळे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

खरं तर राजापेक्षा खा आणि मेरित हे जोडपं मला जवळचं. खा हा राजांच्या थडग्यांच्या कामावरचा मुकादम. देर अल-मदीना या कारागिरांच्या गावातलं त्यांचं थडगं चोरांना सापडलंच नाही. १९०६ मध्ये स्कियापारेल्ली या इटालियन पुरातत्त्वज्ञाने ते उघडलं तेव्हा आत अख्खा संसार होता. पलंग, कपडे, मेरितचा केसांचा टोप, पाव, टोपल्या. यातलं बरंचसं सामान घरात वापरलेलं, जिवंतपणी हाताळलेलं.

हे जवळपास सगळं आता इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे. तिथे जाणं झालंच, तर खाची सोन्याने मढवलेली मोजकाठी नंतर. आधी टोपल्या बघणार, त्याही तळाकडून, जिथे पहिला फेरा सुरू होतो.